सूर्य कोकणात उतरण्याआधी

वासोट्याला जायचं ठरलं की पहिली तयारी होते ती थंडीची. स्वेटर, कानटोपी, थर्मासमधला चहा. डिसेंबरात सकाळी बामणोलीच्या काठावर हुडहुडी भरते हे खरंच, पण चढाला लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते सगळे कपडे सॅकमध्ये जातात आणि दिवसभर पाठीवर ओझं होऊन बसतात. थंडीने तिथे फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते दिवस आखूड असल्यामुळे.

सातारा भागात डिसेंबरअखेर सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहा वाजून गेले की मावळतो. हा हिशोब मोकळ्या माळावरचा. वासोट्याचा गड सह्याद्रीच्या ऐन कडेवर आहे. त्याच्या पश्चिमेला खाली कोकण, आणि आपण चढतो ती वाट पूर्वेकडून, कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या बाजूने. त्यामुळे दुपार कलली की सूर्य गडाच्या पाठीशी जातो. माथ्यावर लख्ख ऊन असतं, बाबूकड्याचा फोटो काढायला झुंबड असते, आणि त्याच वेळी आपल्या परतीच्या रानात सावली भरू लागलेली असते. त्यात वर सदाहरित झाडांचं छप्पर. पाच वाजता पायाखालचा दगड ओला आहे की कोरडा, हे वाकून बघावं लागतं.

आमचा दहा-बारा जणांचा गट होता, निम्मे नात्यातले, निम्मे ऑफिसातले. आदल्या रात्री कुणीतरी उशिरा झोपलं, कुणाची गाडी कासच्या धुक्यात रेंगाळली, वन विभागाच्या परवानगीसाठी रविवारची रांग. बोटीत बसलो तेव्हा दहा वाजून गेले होते. बामणोलीहून पायथ्याच्या मेट इंदवलीपर्यंत बोटीला साधारण दीड तास लागतो. उतरल्यावर सामानाची तपासणी, प्लास्टिकच्या बाटल्यांची मोजणी. म्हणजे चढाला सुरुवात व्हायलाच बारा वाजले. यात एकही गोष्ट अशी नव्हती की जिच्याकडे बोट दाखवून म्हणावं, इथे बिघडलं. वेळ अशीच सुट्ट्या पैशांत खर्च होते.

बोटवाल्या काकांनी उतरताना बजावलं होतं, “ताई, चारला खाली या. वारं सुटलं की पाण्यात बोट लई हालती, अन् अंधारात मी न्यायचा न्हाई.” सगळ्यांनी माना डोलावल्या.

माथ्यावर पोचायला अडीच वाजले. डबे उघडले. मारुतीचं छत नसलेलं देऊळ, पाण्याची टाकी, पडका वाडा. पेशवाईत ताई तेलिणीने बापू गोखल्यांना इथूनच झुंजवलं, ही गोष्ट कुणीतरी सांगायला घेतली आणि ती रंगली. हा गड कैदी ठेवायला वापरत. खालचं रान बघितलं की कैद्याला बेडीची गरज काय, असं वाटतं. तेवढ्यात तिघांनी नागेश्वरच्या गुहेपर्यंत जायची टूम काढली. त्यांना अडवण्यात आणि त्यांची समजूत घालण्यात आणखी वीस मिनिटं गेली.

उतरताना माझ्या मावसभावाच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, पोटरीत गोळा आला. सकाळपासून त्या जेमतेम अर्धी बाटली पाणी प्यायल्या होत्या. “तहानच लागली नाही गं,” म्हणाल्या. हिवाळ्यातली ही खरी फसगत. कोरड्या गार हवेत घाम अंगावर दिसतच नाही, आल्या आल्या उडून जातो. उन्हाळ्यात माणूस न सांगता पाणी पितो, थंडीत त्याला सांगून पाजावं लागतं. माणशी तीन लिटर बरोबर घ्यावं आणि तहान लागो न लागो, दर अर्ध्या तासाने दोन घोट घ्यावेत. गोळा आलाच तर खाली बसवून, गुडघा सरळ ठेवून, पायाची बोटं हळूहळू अंगाकडे ओढायची आणि मीठ-साखरेचं पाणी द्यायचं. गोळा सुटतो. पण नंतर तो पाय घसाऱ्यावर टेकायला माणूस घाबरतो आणि चाल निम्म्यावर येते. आमची तशीच आली.

पुढची दोन मुलं तोवर दिसेनाशी झाली होती. ती एका ढोरवाटेला लागून ओढ्यात उतरली आणि हाका मारू लागली. रानात हाक कुठून येते ते चटकन कळत नाही. ती परत वाटेवर आली ते एका बारीक गोष्टीमुळे. माणसांच्या वाटेवर पाचोळ्याचा चुरा झालेला असतो, चुकीच्या वाटेवर पानं अख्खी असतात. दिवसा हे सहज दिसतं. मोबाइलच्या उजेडात सगळी पानं सारखीच दिसतात, म्हणून संशय आला की उजेड असतानाच मागे फिरावं. आणि पुढचा माणूस मागच्याला दिसलाच पाहिजे, हा नियम उतरताना चढापेक्षा जास्त पाळावा. सगळ्यात दमलेल्याला पुढे घालावं, धडधाकट माणसाने शेवटी राहावं.

टॉर्च किती होते? एक. बाकीचे मोबाइलवर विसंबून, आणि मोबाइल दिवसभर नसलेली रेंज शोधून अर्धमेले झालेले. बोटीतून उतरलं की फोन फ्लाइट मोडवर टाकावा, एवढ्यानेही संध्याकाळी दिवा राहतो. पण प्रत्येकाकडे डोक्याला बांधायचा टॉर्च हवा. दिवसाचाच ट्रेक आहे, टॉर्च कशाला, असं म्हणणाऱ्याला तो आधी द्यावा. मात्र कड्यावर आग्या मोहोळ असेल तिथे टॉर्चचा झोत वर मारू नये, या माश्या रात्री उजेडाकडे झेपावतात. दिवसाही तिथे धूर, आरडाओरडा, उग्र अत्तर नको.

शेवटच्या टप्प्यात उजवीकडच्या झाडीत काहीतरी जड मोडत गेलं. बहुधा गवा. आम्ही जागीच थांबलो, तो आपल्या वाटेने गेला. हे कोयना अभयारण्य आहे, व्याघ्र प्रकल्पाचा भाग. अस्वलं आणि गवे संध्याकाळी हिंडू लागतात आणि ती वेळ त्यांची. मदतीला हाक मारावी असं गावही जवळ नाही. आधी धरण, मग अभयारण्य. इथली वस्ती उठून गेली. गडावर किंवा पायथ्याशी मुक्कामाला परवानगी नाही ती उगाच नाही.

काठावर आलो तेव्हा साडेसहा होत होते. काका बोटीत घोंगडी पांघरून बसले होते. काही बोलले नाहीत, आणि ते बोलले असते तर बरं झालं असतं असं मला वाटत राहिलं. दुसऱ्या बोटीचा माणूस पुढे बॅटरी धरून बसला आणि दोन्ही बोटी एकामागे एक, अगदी सावकाश, बामणोलीला आल्या. घामाने ओले झालेले कपडे आणि पाण्यावरचा वारा. स्वेटर लागले ते तिथे. अंगातला सदरा बदलायला एक कोरडा जोड सॅकच्या तळाशी पिशवीत बांधून ठेवावा, स्वेटर त्याच्यावर.

आता कुणालाही नेताना मी वेळ शेवटाकडून मोजते. चारला काठ. उतरायला दोन तास, वर गोळ्या-बिळ्याचा अर्धा तास. म्हणजे दीडला माथा सोडायचा, माथा आला नसला तरी दीडला वळायचं. हे बोटीत बसण्याआधी सगळ्यांसमोर ठरवून घ्यायचं, कारण वर गेल्यावर कुणी ऐकत नाही, ऐकूही येत नाही. चढ दोन-अडीच तासांचा, वर तासभर, म्हणजे पायथा दहाला सोडायला हवा आणि बामणोलीची बोट आठला. पुण्याहून पहाटे निघून हे जमवणारे असतात, मला जमत नाही. आदल्या रात्री बामणोलीत नाहीतर कासच्या बाजूला राहावं, परवान्याची चौकशी संध्याकाळीच करून ठेवावी. आणि नागेश्वरला जायचं असेल तर वासोटा त्या दिवशी सोडावा.