औषध दारात आलं. फार्मासिस्ट कुठे आहे?

आई कराडला राहते, मी पुण्यात. तिला मधुमेह आणि रक्तदाब, दोन्ही जुने. महिन्याची औषधं मी इथून मोबाइलवर मागवायचे आणि कुरिअरवाला तिकडे दारात नेऊन द्यायचा. आईला उन्हातान्हात मेडिकलपर्यंत जावं लागत नव्हतं, शिवाय बिलावर सूट. गेल्या उन्हाळ्यात मात्र तिच्या पायांवर सूज यायला लागली. अंथरुणातून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. "उन्हाचं होत असेल," म्हणून ती ताक पिऊन दिवस काढत राहिली.

शेवटी डॉक्टरांनी तिला औषधांची सगळी पिशवीच घेऊन बोलावलं. टेबलावर पिशवी उपडी केल्यावर उलगडा झाला. रक्तदाबाच्या दोन वेगळ्या स्ट्रिप्स निघाल्या. एक निळी, एक हिरवी. कंपन्या वेगळ्या, ब्रँडची नावं वेगळी. घटक मात्र दोन्हींवर एकच छापलेला: अ‍ॅम्लोडिपिन, ५ मिलिग्रॅम. आई म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही नवी गोळी चालू केलीत. जुनी बंद कर म्हणून कुणी सांगितलं नाही, म्हणून दोन्ही घेत होते." रोज सकाळी दुप्पट डोस पोटात जात होता. पायांवर सूज हा या औषधाचा ठाऊक असलेला दुष्परिणाम आहे आणि डोस वाढला की तोही वाढतो. डॉक्टरांनी एक स्ट्रिप बंद केली, सूज हळूहळू उतरली.

मग मी त्या पार्सलच्या मागे लागले. ग्राहक सेवेतल्या मुलीने नम्रपणे सांगितलं, "मॅडम, तुमचा ब्रँड स्टॉकमध्ये नव्हता, म्हणून सेम कंटेंटचा दिलाय." हे आईला कुणी सांगितलं? कुणीच नाही. बिल नीट वाचलं तर आणखी दोन गोष्टी दिसल्या. डॉक्टरांच्या नावाच्या जागी आम्ही कधी न ऐकलेलं नाव होतं. आईला विचारलं तेव्हा कळलं, की तिला एकदा फोन आला होता. "औषधं चालूच आहेत ना आजी?" एवढंच विचारून समोरच्याने फोन ठेवला आणि त्यावर नवी चिठ्ठी तयार झाली. दुसरी गोष्ट म्हणजे औषध निघालं होतं भिवंडीच्या गोदामातून. त्याच खोक्यात इन्सुलिन होतं. भर उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीतून आलेलं, आणि सोबतच्या जेल पॅकचं कोमट पाणी झालेलं.

कराडचे आमचे जुने केमिस्ट काका आहेत. त्यांना सगळं दाखवलं. ते म्हणाले, "ताई, घटक तोच असला, तरी चिठ्ठीवरचं औषध परस्पर बदलायचा अधिकार आम्हाला नाही. माल नसला की मी डॉक्टरांना फोन लावतो, ते हो म्हणाले तरच दुसरं देतो, आणि पेशंटला दोनदा सांगतो." तेव्हापासून मी हे नियम वाचत गेले. घरपोच औषध मागवणाऱ्या प्रत्येकाला ते ठाऊक असावेत, म्हणून इथे मांडते.

मूळ कायदा १९४० चा, औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, आणि त्याखालचे नियम १९४५ चे. त्यातला नियम ६५ म्हणजे औषध दुकानाच्या परवान्याच्या अटी. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचं किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली दिलं जायला हवं. शेड्यूल एच मधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत; अ‍ॅम्लोडिपिन त्यातलंच. चिठ्ठीवर डॉक्टरांची सही, तारीख, रुग्णाचं नाव-पत्ता, औषधाचं प्रमाण आणि डोस हवा. चिठ्ठी पुन्हा वापरता येईल असं डॉक्टरांनी लिहिलं नसेल, तर तिच्यावर एकदाच औषध द्यायचं. आणि शेड्यूल एचचं औषध लिहिलेलं असेल तर त्याऐवजी दुसरं देता येत नाही, घटक एकच असला तरीही. काकांनी सांगितलं ते शब्दशः नियमातलं होतं.

शेड्यूल एच-१ २०१३ मध्ये जाहीर झालं आणि १ मार्च २०१४ पासून लागू झालं. त्यात वरच्या फळीतली काही अँटिबायोटिक्स, क्षयाची औषधं, अल्प्राझोलामसारख्या गोळ्या आहेत. ही औषधं दिल्यावर डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि प्रमाण वेगळ्या नोंदवहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. शेड्यूल एक्सचे नियम याहून कडक: चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं ठेवायची.

आता घरपोच सेवेचं बघू. कोरोनाच्या टाळेबंदीत, २६ मार्च २०२० रोजी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक अधिसूचना काढून किरकोळ परवानाधारकांना दारात औषध पोहोचवायची मुभा दिली. अटी स्पष्ट होत्या. चिठ्ठी प्रत्यक्ष किंवा ई-मेलने मिळायला हवी, आणि तो ई-मेल परवाना अधिकाऱ्यांकडे नोंदवलेला हवा. दुकान ज्या महसुली जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातल्या रुग्णाला औषध पोहोचवायचं. जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आतली असावी. एच-१, शेड्यूल एक्स आणि अमली व मनोव्यापारी औषधं या सवलतीतून वगळलेली. बिल ई-मेलने परत पाठवायचं आणि प्रत्येक व्यवहाराची नोंद ठेवायची. आमचं पार्सल यात कुठे बसत होतं? भिवंडी ठाणे जिल्ह्यात, कराड सातारा जिल्ह्यात.

ऑनलाइन औषध विक्रीसाठी वेगळ्या नियमांचा मसुदा २८ ऑगस्ट २०१८ रोजी निघाला होता. त्यावर हरकती आल्या, प्रकरणं न्यायालयांत गेली, तो अंतिम झाला नाही. त्यामुळे अ‍ॅप कितीही चकचकीत असलं, तरी कायद्याच्या दृष्टीने औषध देणारा असतो तो परवानाधारक दुकानदार आणि त्याचा फार्मासिस्ट. कुरिअरवाला नुसता पोहोचवतो.

सगळा दोष ऑनलाइनवाल्यांच्या माथी मारणंही बरोबर नाही. गल्लीतल्या कित्येक मेडिकलमध्ये फार्मासिस्टचं प्रमाणपत्र भिंतीवर असतं आणि माणूस भलतीकडेच. महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना त्यांनी नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवलं होतं, तेव्हा औषध विक्रेत्यांनी संपाचं हत्यार उपसलं होतं. औषध दुकानातून घ्या नाहीतर दारात, प्रश्न एकच: चिठ्ठी वाचून तुमच्याशी दोन शब्द बोलणारा जाणकार मधे आहे की नाही?

तो मधे यावा यासाठी आपण काय करायचं, ते सांगते.

मागवण्याआधी आपल्याच डॉक्टरांची ताजी चिठ्ठी घ्या. नेहमीची औषधं असतील तर ती किती वेळा, किती दिवसांनी पुन्हा द्यायची ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. ऑर्डर देताना 'पर्यायी ब्रँड चालेल' या अर्थाची खूण आधीच केलेली नाही ना, ते बघा. असेल तर काढून टाका. मोफत सल्ल्याचा फोन आलाच, तर रुग्णाने सगळे आजार, सगळ्या गोळ्या आणि अ‍ॅलर्जी सांगितल्याशिवाय तो पुरा झाला असं समजू नका. फोन घेणाऱ्या डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारा. चिठ्ठीवर तो असायलाच हवा.

पार्सल आलं की आधी बिल वाचा. दुकानाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि फार्मासिस्टची सही शोधा. किरकोळ विक्रीचे परवाने '२०' आणि '२१' या नमुन्यांत असतात. '२०-बी' आणि '२१-बी' हे घाऊक विक्रीचे. त्यांच्यावर रुग्णाला थेट औषध विकता येत नाही. मग चिठ्ठी, बिल आणि स्ट्रिप शेजारी ठेवून तिन्हींवरचा घटक आणि मिलिग्रॅम जुळवा. ब्रँडच्या नावावर जाऊ नका. जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर किंवा बारकोड बंधनकारक आहे. तो मोबाइलने स्कॅन केला की उत्पादक, बॅच आणि मुदत दिसते; ती छापील मजकुराशी पडताळा.

ब्रँड बदललेला दिसला, तर गोळी घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबाची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि दोन्हीही घेऊ नका. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या डब्यातून जुनी स्ट्रिप स्वतः काढून ठेवा. नव्या स्ट्रिपवर मार्करने मोठ्या अक्षरात लिहा: 'बीपी, सकाळी एक'. आमच्या घरात आता हा नियमच झाला आहे.

इन्सुलिनची गोष्ट वेगळी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं. उन्हात तापलेलं इन्सुलिन दिसायला चांगलंच दिसतं आणि काम मात्र कमी करतं. बर्फाला चिकटून गोठलं असेल, तर वितळल्यावरही वापरायचं नाही. पार्सल गरम लागलं तर ते परत करा आणि फोटो काढून ठेवा. कुपी ४० युनिटची आहे की १०० ची, तेही बघा: ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं केशरी. चुकीची जोडी झाली तर डोस अडीचपट किंवा निम्म्याहूनही कमी होतो. शक्य असेल तर इन्सुलिन जवळच्या मेडिकलमधून, तिथल्या फ्रिजमधून समोर काढून घ्या.

काही बिघडलंच तर कॉल सेंटरशी वाद घालून दमू नका. बिल, स्ट्रिप, खोकं आणि फोनवरचे संदेश जपून ठेवा. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयातल्या सहायक आयुक्तांकडे (औषधे) लेखी तक्रार द्या, किंवा १८००-२२२-३६५ या विनामूल्य क्रमांकावर कळवा. औषधाचा त्रास झाला असेल, तर १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर त्याची नोंद करता येते. ती डॉक्टरांनीच करावी असं बंधन नाही.

आई आजही औषध घरपोचच घेते. ते काकांच्या दुकानातला मुलगा आणून देतो आणि बदल असला की काका आधी फोन करतात. सूट थोडी कमी मिळते, तेवढं चालतं. घरपोच सेवेला माझा विरोध नाही. अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या माणसाला ती हवीच. पण पहिल्या ऑर्डरआधी एक करा: दुकानाच्या फार्मासिस्टला फोन लावून बघा. ज्या दुकानाचा फार्मासिस्ट फोनवर सापडत नाही, त्या दुकानाचं औषध घेऊ नका, सूट कितीही असो.