रुपयाचा भाव आणि मोटारीची किंमत

परकीय चलनाचा व्यवहार मुंबई-लंडनच्या पेढ्यांवरच चालतो, अशी आपली समजूत असते. सोयगावला मात्र तो एकेकाळी घराजवळच करावा लागे. हा भाग निजामाच्या राज्यात होता आणि पलीकडचे पाचोरा-जामनेर इंग्रजी मुलखात. इकडे ‘हाली’ रुपया, तिकडे ‘कलदार’. शंभर कलदार रुपयांना सरकारी दराने 116 रुपये 10 आणे 8 पै हाली मोजावे लागत, म्हणजे सहा कलदारांना सात हाली. सराफाचा बट्टा निराळा. 1948 च्या पोलीस कारवाईनंतरही हाली नाणे काही वर्षे चालले आणि 1959 मध्ये ते कायमचे बंद झाले.

आता समजा, 1926 साली या भागातील एखाद्या सधन गृहस्थाने इंग्लंडहून 180 पौंडांची मोटार मागविली. जहाजभाडे, विमा, जकात, निजामी हद्दीतील करोडगिरी हे सर्व बाजूला ठेवू. केवळ मूळ किंमत किती? एक रुपया बरोबर 1 शिलिंग 4 पेन्स असा भाव धरला, तर पौंडाला 15 रुपये पडतात आणि मोटार 2,700 कलदारांना मिळते. भाव 1 शिलिंग 6 पेन्स असेल, तर पौंडाला 13 रुपये 5 आणे 4 पै, म्हणून मोटार 2,400 ला. हालीत हेच आकडे 3,150 आणि 2,800 होतात. कारखान्याने किंमत एका पेन्सनेही बदलली नाही. तरी दोन पेन्सांच्या फरकाने साडेतीनशे हाली रुपये वाचले.

ते आले कोठून, हा खरा प्रश्न आहे. त्याच गृहस्थाच्या शेजारच्या शेतकऱ्याचा कापूस परदेशात 18 पौंडांना विकला गेला, असे धरा. पहिल्या भावाने देशात 270 रुपये येतात, दुसऱ्या भावाने 240. जो भाव मोटार स्वस्त करतो, तोच कापसाचे मोल घटवितो.

हा वाद त्या काळी फार पेटला होता. 1920 मध्ये सरकारने रुपया 2 शिलिंगांवर बांधण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. चढ्या भावाच्या भरवशावर परदेशी माल मागविणाऱ्या व्यापाऱ्यांना, माल बंदरात येईपर्यंत रुपया कोसळल्याने, भलतीच रक्कम भरण्याची पाळी आली. अनेकांनी माल सोडविण्यासच नकार दिला. पुढे हिल्टन यंग आयोगाने 1926 च्या अहवालात 1 शिलिंग 6 पेन्सांची शिफारस केली, सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी 4 पेन्सांच्या बाजूने भिन्नमतपत्रिका जोडली, आणि 1927 च्या कायद्याने 6 पेन्सांचा दर कायम झाला.

याच आयोगापुढे डिसेंबर 1925 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साक्ष दिली होती. त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरील लंडनचा प्रबंध 1923 मध्येच ग्रंथरूपाने आला होता. रुपया स्वस्त झाला की निर्यातदार खूश होतो, परंतु त्याचा नफा परदेशी ग्राहकाच्या खिशातून येतो असे नाही. देशात किमती आधी चढतात, मजुरी मागाहून आणि कमी चढते. म्हणजे तो नफा बव्हंशी मजुराच्या भाकरीतून कापला जातो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ‘देशाचा फायदा’ या शब्दांआड कोणाचा फायदा दडला आहे, हे त्यांनी विचारले. मोटार व कापूस यांच्या आमच्या हिशेबात शेतमजुराचे नाव आले नव्हते, हे वाचकांच्या ध्यानी आले असेलच.

आज आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांनाही हे गणित सुटलेले नाही. अमिरातीचा दिरहॅम 1997 पासून डॉलरला 3.6725 या दराने बांधलेला आहे. तेथे 40,000 दिरहॅमची जुनी मोटार घेणारा तरुण पगार दिरहॅममध्येच घेतो. रुपया 22 वरून 24 वर घसरला, तरी त्याला मोटार महाग पडत नाही. मात्र त्या मोटारीसाठी वडिलांनी गावाकडून पैसे पाठविले, तर 8,80,000 ऐवजी 9,60,000 रुपये लागतील. शिवाय बँकेचा विकण्याचा दर खरेदीच्या दराहून चढा असतो. बट्टा हा शब्द गेला, वस्तू राहिली. उलट मुलाने घरी पाठविलेल्या प्रत्येक हजार दिरहॅममागे दोन हजार रुपये अधिक मिळतील. त्यांतील किती डिझेल-खतांच्या वाढलेल्या किमतीत जातील, हे घरच्या खर्चाची वही पाहूनच सांगता येईल.