साहेबांची अपेक्षा आणि हाताखालचा माणूस

नोकरीत नव्याने लागलेला मुलगा पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट ओळखतो. साहेबांनी आपल्याविषयी मनात काय ठरवून ठेवले आहे, ती. कोणते टेबल दिले, चूक झाली तेव्हा जवळ बसवून समजावले की फाईल नुसतीच परत धाडली, यावरून ते कळते. ‘हा राखीव जागेवरचा, याच्याकडून काय व्हायचे?’ ही नजर आपल्या कित्येक बांधवांनी सोसली आहे. त्या नजरेने मन दुखावते हे आपण जाणतोच. पण तिच्यामुळे कामही खालावते काय, हा प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

अमेरिकेतील मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीच्या रॉकअवे येथील व्यवस्थापकाने १९६१ साली आपले उत्तम एजंट उत्तम सहायकाकडे, मध्यम एजंट मध्यम सहायकाकडे व उरलेले तिसऱ्याकडे दिले. पहिला गट पुढे गेला, तिसरा घसरला. यात नवल नाही. नवल मधल्या गटाचे आहे. त्या गटाच्या प्रमुखांनी आपण व आपले एजंट कमी प्रतीचे आहोत हे मानण्यासच नकार दिला आणि एजंटांनाही तसेच सांगितले. त्यांच्या धंद्यातील वाढ टक्केवारीने पहिल्या गटापेक्षा अधिक भरली. लिव्हिंग्स्टन यांनी १९६९ साली हा दाखला प्रसिद्ध केला आणि तो जगभर गाजला. तरीही ही एका कार्यालयाची हकिकत आहे, तिला पुरावा म्हणणे आम्हांस थोडे धाडसाचे वाटते.

पुरावा म्हणावा असे काम फ्रान्समध्ये झाले. ग्लोव्हर, पॅले व पारियांत या तिघा अभ्यासकांचा निबंध २०१७ साली प्रसिद्ध झाला. तेथील किराणा मालाच्या एका दुकानसाखळीत नवे कॅशियर ठरावीक मुदतीवर घेतले जात. पाळ्या संगणक लावी, त्यामुळे एकच कॅशियर आज एका व्यवस्थापकाच्या, तर उद्या दुसऱ्याच्या हाताखाली येई. व्यवस्थापकांच्या मनातील सुप्त पूर्वग्रह चाचणीने मोजला होता. पूर्वग्रह असलेल्या व्यवस्थापकाची पाळी असली की आफ्रिकी वंशाचे अल्पसंख्याक कॅशियर जास्त गैरहजर राहात, काउंटरवर त्यांचा हात मंदावे, पाळी संपताच ते निघून जात. हेच कॅशियर निःपक्षपाती व्यवस्थापकाच्या हाताखाली बहुसंख्याकांपेक्षाही सरस ठरत! एकूण सरासरी काढली तर दोघे सारखेच दिसत, म्हणजे त्यांचे सरसपण हिशेबातून पुसलेच जाई.

आता यातील मर्म पाहा. हे व्यवस्थापक शिवीगाळ करीत होते, छळत होते, असे आढळले नाही. ते फक्त त्यांच्या काउंटरकडे कमी फिरकत, त्यांच्याशी कमी बोलत, त्यांच्याकडे कमी कामाची मागणी करीत. कुणी काही मागितलेच नाही, म्हणून काम कमी झाले. अपमान झाला तर तक्रार तरी करता येते. दुर्लक्षाची तक्रार कोणत्या अर्जात लिहावी?

आपल्याकडे ही अपेक्षा कागदावरही उतरते. गोपनीय अहवालातील फक्त प्रतिकूल शेरे कर्मचाऱ्यास कळविण्याची रीत होती. सीमा रस्ते सेवेतील अभियंता देव दत्त यांना १९९३-९४ च्या अहवालात ‘चांगला’ असा शेरा मिळाला. बढतीला ‘फार चांगला’ हवा होता. शब्द प्रतिकूल नसल्याने तो त्यांना कळविलाच नाही आणि बढती हुकली. प्रत्येक शेरा, तो कसाही असो, कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. तोवर देव दत्त सेवानिवृत्त झाले होते.