हातपाय कापला असतां आवळपट्टा कसा बांधावा

कडबा कुट्टीचें यंत्र, मळणीयंत्र व उंसाचा चरक हीं यंत्रें आतां गांवोगांव आलेलीं आहेत, व त्यांच्या पाठोपाठ त्यांचे अपघातही आलेले आहेत. प्रामुख्यानें मळणीयंत्रें डोळ्यांपुढें ठेवून १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा झाला. परंतु कायदा हा यंत्र करणाऱ्यासाठीं व विकणाऱ्यासाठीं आहे. हात आंत गेल्यानंतर पहिल्या पांच मिनिटांत काय करावें, तें जवळ उभ्या असलेल्या माणसासच ठाऊक असलें पाहिजे.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या भावकींतील एका तरुणाचा हात कोपराखालीं कुट्टी यंत्रांत गेला. आम्ही तेथें हजर होतों. तीस वर्षें महसुलाच्या कचेरींत कारकुनी केलेली. अपघाताचा पंचनामा कसा लिहावा हें आम्हांस उत्तम ठाऊक होतें, रक्त कसें थांबवावें हें ठाऊक नव्हतें. आम्हीं खांद्यावरील उपरणें काढून दंडास दोन वेढे दिले व गांठ मारिली. रक्त थांबलें तर नाहींच, उलट अधिक वाहूं लागलें. तेव्हां ऊंसतोडीच्या टोळींतील एका बाईनें आम्हांस बाजूस सारिलें, आपल्या लुगड्याचा पदर फाडून तो जखमेंत कोंबला, आणि दोन्ही हातांचा भार देऊन रुग्णवाहिका येईपर्यंत दाबून धरिला. मुलगा वांचला. हात गेला. इस्पितळांतील डॉक्टरांनीं ती गांठ पाहून ‘हें कोणीं बांधलें?’ असें विचारलें, तेव्हां आम्ही गप्प राहिलों.

आमची चूक काय झाली तें पुढें वाचनानें कळलें. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या धमन्या खोल असतात व त्यांतील दाब मोठा असतो. रक्त परत नेणाऱ्या शिरा वरवर असतात व त्यांतील दाब थोडा असतो. बंध सैल असला म्हणजे शिरा तेवढ्या दाबल्या जातात आणि धमनी चालूच राहते. पाण्याची आवक चालू ठेवून परतीचा पाट बांधल्यास पाणी फुटेल तेथून बाहेर पडणारच, तसा हा प्रकार आहे. अर्धवट आवळलेला बंध न बांधलेल्या बंधाहून वाईट ठरतो तो यामुळें.

ज्यास डॉक्टर लोक टूर्निके म्हणतात त्या आवळपट्ट्याचे प्रकार पुष्कळ आहेत, व ते सामान्य माणसास कितपत साधतात याची परीक्षा अमेरिकेंत झालेली आहे. १०२ जणांस आधीं एका प्रकारचा पट्टा शिकविला. हा पट्टा म्हणजे चिकटपट्टीनें बसणारा, दांडी फिरवून पीळ देण्याचा व दांडी खांचेंत अडकविण्याचा ‘कॅट’ नांवाचा पट्टा होय. मग त्यांच्या हातीं निरनिराळे पट्टे दिले. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेला निकाल असा: शिकलेला पट्टा शेंकडा ९२ जणांनीं बरोबर बांधला, धातूच्या दांडीचा, पण निराळ्या बकलाचा पट्टा शेंकडा ६९ जणांस साधला, ताणून गुंडाळावयाची रुंद रबरी पट्टी आणि खांचेंत अडकवावयाची लवचिक दोरी हीं दोन्ही केवळ शेंकडा १२ जणांस साधलीं. कापड व काठी यांचा घरगुती बंध शेंकडा ३२ जणांस जमला. शिक्षण पहिल्याच पट्ट्याचें दिलें होतें, तेव्हां इतर पट्टे निकामी आहेत असें यावरून ठरत नाहीं. ठरतें तें इतकेंच कीं, एका पट्ट्याची विद्या दुसऱ्यास आपोआप लागू पडत नाहीं. म्हणून घरीं एक, शेतावर दुसरा, असें करूं नये.

दुसरी परीक्षा २०१८ सालची. प्रत्यक्ष हातानें शिकविलेल्यांपैकीं शेंकडा ८८ जणांनीं लगेच बरोबर पट्टा बांधला. केवळ चित्रांची माहितीपत्रकें दिलेल्यांपैकीं पांचांत एकासच तें जमलें. आमचा हा लेख वाचणारांनींही हें ध्यानांत ठेवावें! आणि शिकलेल्यांचीही तीन ते नऊ महिन्यांनीं पुन्हां परीक्षा घेतली, तेव्हां निम्म्याहून थोडेच अधिक उतरले.

आतां कृति. प्रथम यंत्र बंद करावें. १०८ क्रमांकास दूरध्वनि करण्यास एकास पाठवून दुसऱ्यानें जखम कापडानें जोरानें दाबावी. बहुतेक रक्तस्राव एवढ्यानेंच आटोक्यांत येतो. रक्त उसळत असेल, किंवा दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या वर, म्हणजे धडाच्या बाजूस, दोन ते तीन इंचांवर पट्टा घालावा. कोपर व गुडघा यांवर तो घालूं नये. त्याखालीं खिशांतील किल्ली, तंबाखूची डबी वगैरे राहूं देऊं नये. यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची: दांडी फिरविण्यापूर्वीं पट्टा हातानेंच शक्य तितका ताणून घ्यावा. कडब्याच्या गाडीवरील नाडा आधीं ओढून घेतल्यावांचून त्यांत काठी पिळूं लागल्यास काठी नुसतीच फिरत राहते, हें आपणांपैकीं कोणास सांगावयास नको. मग रक्त थांबेपर्यंत पीळ द्यावा. जखमी माणूस ओरडेल. दया येऊन सैल करूं नये. दांडी अडकवावी, वेळ पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहावी. तरीही रक्त न थांबल्यास त्याच्या वर दुसरा पट्टा घालावा.

पट्टा नसेल तर दोन इंच रुंद घडी केलेलें मजबूत कापड व न मोडणारी काठी घ्यावी. तार किंवा सुतळी मांसांत रुतते, तुरीची काडी मोडते. काठी पिळल्यावर ती दुसऱ्या कापडानें बांधून टाकावी, नाहींतर उलटी फिरेल.

दर पंधरा मिनिटांनीं बंध सैल करावा असें जुन्या पुस्तकांत असे, तें आतां त्याज्य ठरलें आहे; डॉक्टरांनींच तो सोडावा. बंधानें हात मरतो ही भीतिही अवाजवी आहे. दोन तासांच्या आंत सहसा कायमची इजा होत नाहीं. बगदाद येथील लष्करी इस्पितळांत २००६ सालीं ज्यांची पाहणी झाली, त्यांत रक्त जाऊन ग्लानि येण्यापूर्वीं पट्टा बांधलेल्यांपैकीं शेंकडा ९० जगले, ग्लानि आल्यावर बांधलेल्यांपैकीं शेंकडा १०. आणि केवळ पट्ट्यामुळें कोणाचाही अवयव कापावा लागला नाहीं.

मात्र सर्पदंशास हा पट्टा कदापि बांधूं नये. त्यानें विष थांबत नाहीं, अवयव मात्र जातो. दंश झालेला हात न हलवितां माणसास तडक इस्पितळांत न्यावें.

आमचा पट्टा आतां कुट्टी यंत्राच्या छपरांत खुंटीस अडकविलेला आहे, पेटींत कुलूप लावून नव्हे. पाडव्यास एकदां व खांडेनवमीस अवजारें धुतांना एकदां, घरांतील स्त्रीपुरुष व गडी केळीच्या खुंटावर तो बांधून पाहतात. प्रथम तो आमच्या सुनेस साधला. आम्हांस चौथ्या खेपेस.