दोघांचंही ऐक, पण सरासरी काढू नकोस

अगं, गेम टेस्टिंगच्या कामात तू आता रुळायला लागलीस, हे तुझ्या प्रश्नांवरूनच कळतं. परवा जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखं नव्हतं, म्हणून निवांत लिहायला बसलेय. एकाच शॉटगनबद्दल तुझ्यापुढे दोन ढीग आलेत. रोज रँक पुश करणारी मुलं म्हणताहेत, ‘ही बंदूक कुणी घेणारच नाही, काही दमच नाही तिच्यात.’ कामावरून आल्यावर मित्रांबरोबर अर्धा तास खेळणारे म्हणताहेत, ‘हिच्यामुळे खेळायची इच्छाच गेली, काढून टाका ती.’ आणि तुला वाटतंय की थोडं यांचं, थोडं त्यांचं ऐकून डॅमेजचा आकडा मध्ये कुठेतरी ठेवावा. तेवढं मात्र करू नकोस, राणी. मधला आकडा कुणाचंच दुखणं बरं करत नाही.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की धर. दोघंही खरं बोलताहेत. रँकवाला मुलगा पावलांचा आवाज ऐकतो, कोपरा लांबून बघतो, शॉटगनवाल्याला जवळ येऊच देत नाही. त्याच्या मॅचमध्ये ती बंदूक खरंच निकामी असते. नवखा मुलगा दरवाज्यातून सरळ आत शिरतो आणि आत बसलेल्याच्या पहिल्याच गोळीत मरतो. त्याच्या मॅचमध्ये तीच बंदूक राक्षसी असते. आकडा एकच, पण खेळ दोन.

ओव्हरवॉचचं उदाहरण बघ. हा खेळ २०१६ च्या मे महिन्यात आला. त्यातलं टॉर्बियॉर्न हे पात्र एक टरेट उभं करतं. शत्रू दिसला की ते आपलं आपण गोळ्या झाडतं. माउसने नेम धरणाऱ्याला ते टरेट पाडणं तुलनेनं सोपं होतं. कन्सोलवर कंट्रोलरने खेळणाऱ्यांना मात्र ते फार छळायचं. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्डने त्याच वर्षीच्या जुलैत टरेटचं डॅमेज ३० टक्क्यांनी उतरवलं, पण फक्त कन्सोलवर. संगणकावरच्या आकड्याला हातही लावला नाही. तक्रार कोणाच्या हातातून आली हे पाहिलं, म्हणून औषध नेमकं तिथेच लागलं.

म्हणून तुझ्या तक्त्यात अभिप्रायाच्या आधी माणसाचा रकाना हवा. तो कुठल्या रँकचा आहे, आठवड्याला साधारण किती खेळतो, एकटा येतो की स्क्वॉड घेऊन, कानाला हेडफोन असतो का, पिंग किती आणि फोन कुठला. आपल्याकडे तर हे फारच महत्त्वाचं आहे, कारण बहुतेक पोरं मोबाइलवरच खेळतात. चार बोटांचा क्लॉ धरणारा एकाच वेळी पळू, उडी मारू आणि नेम धरू शकतो, दोन अंगठ्यांनी खेळणाऱ्याला ते जमत नाही. स्वस्त फोनवर अडखळत चालणारा खेळ आणि महागड्या फोनवर ९० फ्रेम्सनी धावणारा खेळ हे अनुभवच वेगळे. ‘गन हलते’ ही तक्रार पहिल्याकडून आली तर आधी फ्रेम्स बघ, दुसऱ्याकडून आली तर रिकॉइल बघ. माणूस कळल्याशिवाय तक्रार कळत नाही.

आता दोन्ही गटांचं वजन कसं ठरवायचं? रायट गेम्सने २०१९ मध्ये लीग ऑफ लेजंड्ससाठी आपली पद्धत सगळ्यांसमोर मांडली. तो नेमबाजीचा खेळ नाही, पण विचार आपल्या कामाचा आहे. त्यांनी खेळाडूंचे चार थर केले: सर्वसाधारण खेळाडू, वरचे १० टक्के, त्याहून वरचे हजारात एक, आणि व्यावसायिक. एखादं पात्र यातल्या कुठल्याही एका थरात डोईजड झालं, तर त्याची ताकद कापायची. कमकुवत मात्र तेव्हाच म्हणायचं, जेव्हा ते चारही थरांत कमकुवत असेल. या दोन नियमांतला फरक नीट समजून घे. एक वस्तू कुणा एका गटाला तरी आनंद देत असेल, तर तिला जगू द्यायचं. पण एका गटाचा खेळ ती नासवत असेल, तर बाकीचे खूश आहेत म्हणून दुर्लक्ष करायचं नाही. तुझ्या शॉटगनला हाच नियम लाव. रँकवाल्यांना ती नको आहे, हे काही संकट नव्हे. नवखे तिच्यामुळे खेळ सोडताहेत, हे संकट आहे.

मग डॅमेज उतरवायचं का? घाई करू नकोस. एका बंदुकीला आकडे अनेक असतात. हेलो या नेमबाजीच्या खेळाच्या डिझायनरांपैकी जेमी ग्रीझमर यांनी २०१० च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एका बदलावर अख्खं व्याख्यान दिलं होतं: हेलो ३ मधल्या स्नायपर रायफलच्या दोन गोळ्यांमधला वेळ ०.५ वरून ०.७ सेकंद करणं. बदल सेकंदाच्या पाचव्या भागाचा, पण विचार बघ. लांबून शांतपणे नेम धरून एक गोळी मारणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. जवळ येऊन धडाधड गोळ्या सोडणाऱ्याला तो लगेच जाणवतो. म्हणजे रायफलची ताकद तिच्या जागी राहते आणि तिचा गैरवापर अवघड होतो. तूही असाच आकडा शोध, जो एका गटाचं दुखणं कमी करेल आणि दुसऱ्याच्या हाताला जवळपास लागणारही नाही. शॉटगनच्या बाबतीत तो पल्ला असेल, रीलोडचा वेळ असेल, किंवा दरवाज्याजवळ ती सहज सापडते ती जागाही असेल.

कधी बंदुकीला न शिवता भोवतीचे नियम बदलले तरी भागतं. काउंटर-स्ट्राइक: ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये कॅज्युअल मोडला चिलखत आणि बॉम्ब निकामी करायचं किट फुकट मिळायचं, आणि आपली गोळी आपल्याच साथीदाराला लागत नसे. कॉम्पिटिटिव्हमध्ये हे सगळं पैसे मोजून घ्यायचं आणि साथीदाराला सांभाळून गोळी चालवायची. एके-४७ मात्र दोन्हीकडे तीच. त्यामुळे हलक्याफुलक्या मोडमध्ये शिकलेला हात पुढे रँकमध्येही उपयोगी पडतो. बंदुकाच दोन प्रकारच्या केल्या असत्या, तर पहिल्या मोडमधून दुसऱ्यात जाणाऱ्याला सगळं नव्यानं शिकावं लागलं असतं.

आता माणसांबद्दल थोडं सांगते. रँकवाल्यांना तू फार मान दे, कारण खेळात कुठं भोक आहे हे त्यांच्याइतकं लवकर कुणालाच सापडत नाही. पण त्यांचं ध्येय जिंकणं आहे, आणि जिंकण्याचा मार्ग कंटाळवाणा असला तरी ते तोच घेतील. ओव्हरवॉचमध्ये २०१८-१९ ला ‘गोट्स’ नावाची रचना व्यावसायिक सामन्यांवर राज्य करत होती. तीन टँक, तीन सपोर्ट, आणि गोळीबार करणारी पात्रं जवळजवळ गायब. शेवटी २०१९ मध्ये दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट अशी सक्ती आली. वरच्या थराचा प्रश्न सुटला, पण बहुतेकांना डॅमेजच खेळायचं असल्यामुळे साध्या खेळाडूला मॅचसाठी रांगेत जास्त वेळ थांबावं लागलं. वरच्यांसाठी केलेल्या बदलाची किंमत खाली कोण मोजणार, हा प्रश्न प्रत्येक बैठकीत तू विचारायला हवास.

कॅज्युअल खेळाडूची अडचण वेगळी आहे. तो लांबलचक लिहीत नाही. तो गप्प बसतो आणि एक दिवस खेळ काढून टाकतो. म्हणून त्याचं ऐकण्यापेक्षा त्याला खेळताना बघणं जास्त उपयोगाचं. हेलो ३ बाहेर येण्याआधी मायक्रोसॉफ्टच्या प्रयोगशाळेत सुमारे ६०० साध्या खेळाडूंकडून ३,००० तासांहून जास्त वेळ खेळ खेळवून घेतला होता. कोण कुठे मरतो याचे नकाशे काढले, लोक कुठे वाट चुकतात ते पाहिलं. एवढी साधनं तुझ्याकडे नसतील, पण शेजारी बसून बघायला काही लागत नाही. तो मेला की लगेच दोनच गोष्टी विचार: ‘तू कशामुळे मेलास?’ आणि ‘पुढच्या वेळी काय वेगळं करशील?’ या दोन्हींची उत्तरं त्याला देता आली, तर त्याचा राग हरण्याचा आहे, तो निवेल. उत्तरं देता आली नाहीत, तर दोष बंदुकीच्या ताकदीत नसण्याची शक्यता मोठी. पावलांचा आवाज नीट येत नसेल, मेल्यावर मारणाऱ्याची बाजू दाखवणारा किलकॅम अपुरा असेल, गोळी कुठून आली ते कळत नसेल. नवखा ‘समोरचा चीटर होता’ म्हणतो, तेव्हा बरेचदा त्याला एवढंच म्हणायचं असतं की मी कसा मेलो ते मला समजलं नाही.

दुखणं सांगायचा हक्क रोग्याचा, औषध ठरवायचं काम वैद्याचं. खेळाडू ‘डॅमेज वाढवा’, ‘काढून टाका’ असं औषधच सांगत येतो. ते टिपून घे, पण त्यामागचं दुखणं विचारल्याशिवाय त्याला सोडू नकोस. डिझायनरकडे जाताना मागणी घेऊन जाऊ नकोस. कोण खेळत होता, कुठे काय झालं आणि त्याला काय वाटलं, एवढं घेऊन जा.

एक काळजी घे. दोन्ही गटांना चर्चेला एकत्र बसवू नकोस. रँकवाला आत्मविश्वासानं बोलायला लागला की नवखा मान डोलावतो आणि स्वतःचा अनुभव गिळून टाकतो. खेळायला एकत्र बसव, कारण बाहेर गेल्यावर ते एकमेकांसमोर येणारच आहेत. बोलायला मात्र वेगवेगळं बसव. शिवाय बदल केल्या दिवशीच्या प्रतिक्रियांवर निर्णय घेऊ नकोस. नवी बंदूक हाताला बसायला वेळ लागतो, आणि तिच्यावरची तोड सापडायला त्याहून जास्त.

आणि तुझ्याबद्दल. तू स्वतः रँक खेळतेस, तेव्हा तुझा हात त्या बाजूला आपोआप झुकणार. ते ओळखून चाल, दर आठवड्याला काही वेळ अनोळखी लोकांबरोबर साध्या मोडमध्ये खेळ. कुणी ‘मुलीला काय कळतं शूटरमधलं’ म्हणेल, त्याला उत्तर देत बसू नकोस. तुझा तक्ता नेमका असला की डिझायनर तुझंच ऐकतील. चिडून लिहिलेल्या शब्दांमागेही प्रेम असतं, कारण ज्याला खेळाची पर्वा नाही तो लिहीतच नाही. शिवीगाळ मात्र सहन करायची नाही, ती वरिष्ठांना दाखवायची.

पुण्यात आता मल्टिप्लेअर शूटर बनताहेत. सुपरगेमिंगचा ‘इंडस’ तिथलाच. आपल्या पोरांच्या हातांसाठी, आपल्या फोनांसाठी खेळ घडवायची संधी तुमच्या पिढीला मिळाली आहे. म्हणून उद्याच्या बैठकीत शॉटगनचा आकडा मागितला, तर लगेच देऊ नकोस. आधी विचार, हा आकडा कोणासाठी बदलतोय आणि त्याची झळ कोणाला बसणार. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय कुठल्याच बदलाला हो म्हणू नकोस.