आधी पोच घ्या

शिक्षकाला कसला आलाय ताण, सुट्ट्याच तर असतात, हे ऐकून घेण्याची माझी आता तयारी नाही. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळायचे, वर यू-डायस प्लस, आधार पडताळणी, पोषण आहाराची रोजची नोंद आणि मतदार यादी. ज्यानं हे एकदा केलंय त्याला वेगळं सांगावं लागत नाही.

माझं बिनसलं ते एका यादीवरून. रात्री अकराच्या सुमाराला केंद्राच्या ग्रुपवर 'माहिती अप्राप्त शाळा' अशी यादी पडली आणि त्यात आमच्या शाळेचं नाव लाल रंगात. माहिती मी आठवडाभर आधीच दिली होती, मेलवर आणि छापील प्रतही. तसं ग्रुपवर लिहिलं, उत्तर नाही. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांनी सगळ्यांसमोर उभं केलं. "बाई, तुमच्या एका शाळेमुळे तालुका मागे राहिला." मोबाईलवरचा मेल दाखवायला पुढे गेले तर म्हणाले, "बसा. स्पष्टीकरण नको, काम करा." नंतर ती प्रत गटसाधन केंद्रात दुसऱ्याच केंद्राच्या गठ्ठ्यात सापडली. हेही मला शिपायाकडून कळलं. साहेबांनी आजवर चकार शब्द काढलेला नाही. रक्तदाबाची गोळी मात्र मला सुरू झाली.

खरा हादरा बसला तो वर्गात. दुसरीच्या मुलांना हातच्याची बेरीज शिकवत होते आणि फोन वाजला. मी काही बोलायच्या आत पुढच्या रांगेतल्या मुलीनं ओठांवर बोट ठेवलं. बाकीच्यांनी पाट्या खाली ठेवल्या आणि पाढ्यांचं पान उघडलं. असं करा म्हणून मी कधीच सांगितलं नव्हतं. बाईंचा फोन वाजला की शिकवणं थांबतं, हे ती लेकरं आपणहून शिकली होती. मी फोन उचलला नाही, बेरीज पुरी केली आणि संध्याकाळी डॉक्टरांकडे गेले.

तेव्हा पहिलं सांगणं हे की कुठलाही कागद दिला की पोच घ्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, सही. "ठेवून जा बाई, बघतो" म्हणाले तरी जागचं हलू नका. मेल शाळेच्याच खात्यावरून करा. ग्रुपवर टाकलेली माहिती उद्या कुणी मोजत नाही. पोचपावत्यांची वेगळी फाइल केल्यापासून मला रात्रीची झोप लागायला लागली.

शाळा सुटली की ग्रुप म्यूट. खरंच तातडीचं असेल तर साहेब फोन करतातच.

शिक्षण हक्क कायदा 2009 चं कलम 27 प्रत्येकानं वाचावं. दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक, एवढीच अशैक्षणिक कामं शिक्षकाला लावता येतात. कलम दाखवून भांडायला जाऊ नका. तोंडी काम आलं की शांतपणे म्हणा, "साहेब, लेखी आदेश मिळाला तर बरं होईल." बरीच कामं तिथंच थांबतात, हे मी पाहिलंय.

बाकी वेळेवर जेवा, थोडं चाला, घरच्यांशी बोला. सगळे सांगतात ते खरंच आहे. मन फारच खचलं तर 14416 हा टेलि-मानसचा नंबर फिरवा. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, 24 तास चालते, मराठीतून बोलता येतं.

आणि रजा घ्यायला लाजू नका. वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा खात्यावर जमा होते. वैद्यकीय दाखल्यावर ती परावर्तित करून पूर्ण पगारी मिळते, फक्त दुप्पट दिवस वजा होतात. माझा अर्ज हातात घेऊन साहेब म्हणाले होते, "बाई, आजारी तर दिसत नाही तुम्ही." आजारी दिसलं पाहिजे असं रजेच्या नियमांत कुठंही लिहिलेलं नाही. रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला मात्र जोडा, नाहीतर रजेची मंजुरी तिथंच अडवून ठेवतात.