बॉनेटला जाळी : गरज, हौस आणि पारख



आमचा धंदा कापडाचा. मोटारीच्या विषयावर आम्ही लेखणी उचलावी याचे काहींना नवल वाटेल. परंतु मंगळवार पेठेतील आमच्या दुकानी येणारी तरुण गिऱ्हाइके, घरातील मुले आणि उद्यमनगरातील ओळखीचे कारागीर यांच्या तोंडी हल्ली एकच विषय ऐकू येतो. गाडीचे मूळ बॉनेट काढायचे आणि त्या जागी जाळीचे किंवा स्कूपचे बॉनेट बसवायचे. या हौसेत आमचेही पैसे बुडाले आहेत. तो तजुर्बा इतरांच्या उपयोगी पडावा, एवढ्यासाठीच हा लेख.

काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या मुलाने परगावच्या एका दुकानातून 'कार्बनचे' म्हणून जाळीचे बॉनेट आणले. दिसायला झकास होते. पहिल्याच पावसाळ्यात रत्नागिरीला जाताना आंबा घाटात गाडी बंद पडली. जाळीतून पाणी थेट इग्निशन कॉइलवर पडत होते. मागच्या सीटवर कापडाचे गठ्ठे, बाहेर अंधार आणि धुके. गाडी ओढून आणली तेव्हा मेस्त्रींनी बॉनेट उलटे करून दाखविले. आत साधे फायबर होते आणि वर कार्बनच्या विणीचा छापील कागद चिकटविला होता. तीस वर्षे कापड पारखणारे आम्ही, आणि फसलो तेही विणीतच! त्या दिवसापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तो क्रमाने सांगतो.

१) प्रथम गरज ओळखा

स्कूप आणि जाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्कूप समोरची हवा आत घेतो, जाळी आतली गरम हवा बाहेर सोडते. ज्या टर्बो गाडीचा इंटरकूलर इंजिनाच्या डोक्यावर असतो, तिला स्कूपची खरी गरज असते. सुबारू इम्प्रेझा किंवा २००९ साली भारतात आलेली पहिली टोयोटा फॉर्च्युनर ही याची उदाहरणे. तेथे स्कूपमधून आलेली हवा सरळ इंटरकूलरवर पडते. इंटरकूलर पुढे बंपरच्या मागे असेल, किंवा गाडी साधी पेट्रोलची असेल, तर स्कूप हा केवळ दागिना होय. दागिना घालण्यास हरकत नाही, पण दागिन्याची किंमत द्यावी, यंत्राची नव्हे.

गाडी गरम होते म्हणून जाळी हवी असेल, तर आधी रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि कूलंट तपासून घ्यावे. दुखणे तेथे असेल तर बॉनेटला भोके पाडून काय लाभ?

२) जाळी कोठे असावी

चालत्या गाडीच्या बॉनेटवर हवेचा दाब सगळीकडे सारखा नसतो. पुढच्या भागात, जेथे हवा वळून वर चढते, तेथे दाब कमी असतो. मागे समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवा अडते, म्हणून तेथे दाब जास्त. तेव्हा गरम हवा बाहेर काढणारी जाळी रेडिएटरच्या मागे, बॉनेटच्या पुढच्या भागात असावी. काचेजवळ पाडलेल्या भोकातून वेगात हवा बाहेर जाण्याऐवजी उलट आत शिरते. बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट मागून उचलणारे अनेक जण आहेत. उभ्या गाडीत त्याने उष्णता निघते, पण धावत्या गाडीत हिशेब उलटा होऊ शकतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. पारदर्शक बारीक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तीत रंगीत पाणी भरावे. एक टोक बॉनेटच्या वर सपाट चिकटवावे, दुसरे बॉनेटच्या खाली ठेवावे. मोकळ्या रस्त्यावर एकाने गाडी चालवावी व दुसऱ्याने पाणी पाहावे. ज्या टोकाकडे पाणी चढेल, तिकडे दाब कमी. वरच्या टोकाकडे चढले तर ती जागा जाळीस योग्य. जाळी बसविल्यावर तिच्या काठाला लोकरीचे दोन-तीन इंची धागे चिकटवावेत. हवा आत जाते की बाहेर, हे धागेच सांगतील.

३) माल पारखा

पत्रा जड, पण ठोकून सरळ होतो. आपल्या डेंटरच्या हाताला त्याची सवय आहे. ॲल्युमिनियम हलके, पण त्याच्या वेल्डिंगला वेगळा हुनर लागतो. फायबर स्वस्त, साच्यातून हवा तो आकार निघतो, मात्र मार लागला की तडकते. कार्बन सर्वांत हलका आणि फायबरच्या कित्येक पट महाग.

कार्बन हे शेवटी कापडच आहे. बाजारात बहुधा 'थ्री-के' माल मिळतो, म्हणजे एका पट्टीत तीन हजार तंतू. वीण बहुतेक वेळा ट्विलची, जी आपण पँटच्या कापडात रोज पाहतो. खऱ्या विणीची तिरपी रेघ वळणावर थोडी सरकते, ताणली जाते. छापील कागदावर नक्षी जशीच्या तशी फिरून येते आणि कडेला सांधा दिसतो. बॉनेट उलटे करून पाहावे. आत पांढरट काचतंतू दिसले, तर कार्बन फक्त वरच्या थरात आहे. तसा माल वाईट नव्हे, पण विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे. नाण्याने टकटक करावी. आवाज एखाद्या ठिकाणी बद्द आला, तर तेथे थर सुटलेले आहेत.

४) कुलूप, बिजागरी आणि पाणी

फायबर वा कार्बनच्या बॉनेटमध्ये कुलूप व बिजागरीच्या जागी आतून लोखंडी पट्टी घट्ट बसविलेली असावी. ती नसेल तर स्क्रू हळूहळू माल खातो, आणि एक दिवस हमरस्त्यावर बॉनेट उघडून काचेवर आपटते. मुख्य कुलुपाखेरीज दुसरा सुरक्षा-हूक चालू असलाच पाहिजे. बाहेरून दोन पिना लावणे अधिक चांगले.

गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पाण्याबद्दल सांगणे नको. जाळीखाली पन्हाळी असावी व तिचे पाणी नळीने बाजूला काढावे. कॉइल, फ्यूज बॉक्स व एअर फिल्टर यांच्या थेट वर जाळी नको.

५) कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीतील बदलांवर बंधन घालते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, कंपनीने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार बेकायदा बदलास प्रत्येकी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. म्हणून पैसे देण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात लेखी विचारावे. विमा कंपनीलाही लेखी कळवावे, अन्यथा अपघातानंतर भरपाईचा वाद उभा राहतो.

कारागीर बांधवांना एक शब्द

साचा, फायबर, डेंटिंग, रंगकाम हे हुनर आपल्या मुलांच्या हातात आहेत, आणि हौशी गिऱ्हाइकाची वाण नाही. पण बिलावर मालाचे खरे नाव लिहा : फायबर ते फायबर, 'कार्बनसारखे दिसणारे' ते तसेच. ज्या गाडीला जाळीची गरज नाही, तिच्या मालकाला तसे स्पष्ट सांगा. त्या दिवशी एक बिल कमी होईल, परंतु तो माणूस पुढची दुरुस्ती तुमच्याकडेच घेऊन येईल. आम्हाला छापील वीण विकणाऱ्या दुकानाची पायरी आम्ही पुन्हा चढलो नाही. पाणी कोठून येते ते दाखविणाऱ्या मेस्त्रींकडे मात्र आजही आमच्या घरच्या सर्व गाड्या जातात.